वटवाघळांच्या आवाजातून काय कळतं, काय नाही

वटवाघळं आंधळी असतात म्हणून आवाजाने वाट शोधतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. एकही जात आंधळी नाही. वडा-चिंचेवर उलटं लटकणारं मोठं फळखाऊ वटवाघूळ तर डोळ्यांनी आणि नाकानेच फळ हुडकतं. त्याचा कलकलाट आपसातला. प्रतिध्वनीसाठी ते आवाज काढतच नाही. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात वटवाघळांचे आवाज टिपणारं ध्वनियंत्र लावलं, तरी त्याची गणना झाडाखाली उभं राहूनच करावी लागेल.

यंत्र लागतं ते किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांसाठी, म्हणजे पाकोळ्यांसाठी. आपले कान २० किलोहर्ट्झला थांबतात. पाकोळ्यांचे बहुतेक आवाज त्याच्या वरचे. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८ मध्ये ते पहिल्यांदा यंत्राने टिपले.

आवाज मिळाला की जात कळलीच, हा समज मात्र अभ्यासकांनाही चकवतो. नाकावर घोड्याच्या नालेसारखी त्वचा असलेल्या जाती एकाच पट्टीवर स्वर धरतात. आवाजाच्या आलेखात आडवी रेघ दिसते आणि ओळख बरीचशी पक्की होते. पिपिस्ट्रेल या छोट्या पाकोळ्यांच्या गटाचा आवाज वरून झपकन खाली येतो, अनेक जातींचे पल्ले एकमेकांत मिसळतात. शिवाय तीच पाकोळी मोकळ्या शेतावर लांब, सपाट आवाज काढते आणि सागाच्या दाटीत आखूड, तीव्र उताराचा. अशा वेळी गटाचं नाव लिहून थांबणं हेच प्रामाणिक काम. जात सांगायची तर पकडून ओळखलेल्या वटवाघळांचे नमुना-आवाज हाताशी हवेत. बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहांतल्या दुर्मिळ रौटन वटवाघळाची आवाजावरून ओळख कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. अशी कामं झाली तरच यंत्राच्या नोंदींना अर्थ येतो.

यंत्र गप्प राहिलं म्हणजे वटवाघूळ नाही, असंही नाही. बेडूक-उंदीर खाणारं मोठ्या कानांचं वटवाघूळ फार हळू आवाज काढतं आणि बरेचदा सावजाच्या खसफशीवरच झडप घालतं.

शंभर नोंदी म्हणजे शंभर पाकोळ्याही नव्हेत. दिव्याभोवती घिरट्या घालणारी एकच असू शकते. नोंदींवरून वावर कळतो, संख्या नाही. पण शिकारीचा प्रयत्न कळतो, कारण किडा टप्प्यात आला की आवाज इतके जवळजवळ येतात की त्यांची सलग गुणगुण होते. या शिकारीला शेतीत मोल आहे: टेक्सासच्या कापूसपट्ट्यात बोंडअळीचे पतंग खाणाऱ्या वटवाघळांमुळे वर्षाला सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर वाचतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. आपल्याकडे यवतमाळच्या कपाशीत पतंग पकडायला कामगंध सापळे लागतातच. इथेही असं होतं का ते पाहायला त्याच बांधावर ध्वनियंत्र लावून एकाच रात्रीचे सापळ्यातले पतंग आणि ही शिकारीची गुणगुण शेजारी-शेजारी मांडायला हवी.