वरचे दूध आणि मातेचे मनःस्वास्थ्य

अर्भकास अंगावरील दुधाऐवजी डब्यातील दुधाच्या पुडीवर वाढविणे, यास आपल्याकडे ‘वरचे दूध पाजणे’ असे म्हणतात. हा निर्णय काही माता प्रकृतीमुळे, काही नोकरीमुळे, तर काही स्वेच्छेने घेतात. परंतु तो घेतल्यावर आपण बाळाचे कायमचे नुकसान केले, ही टोचणी अनेकींच्या मनास लागून राहते. ती उपलब्ध पुराव्याच्या प्रमाणात आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

स्तनपान श्रेयस्कर होय, याविषयी वाद नाही. पहिले ६ महिने केवळ तेच असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रश्न आहे तो लाभाच्या परिमाणाचा. १९९६-९७ साली बेलारूसमधील ३१ प्रसूतिगृहांत १७,०४६ अर्भकांवर एक मोठा प्रयोग आरंभण्यात आला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडलेल्या काही प्रसूतिगृहांत स्तनपानास विशेष उत्तेजन देण्यात आले, इतरांत नेहमीची व्यवस्था चालू राहिली. पहिल्या वर्षात जठरांत्राचा संसर्ग पहिल्या गटात ९.१ टक्के, तर दुसऱ्यात १३.२ टक्के बालकांस झाला. इसबाचे प्रमाणही पहिल्या गटात कमी आढळले. परंतु पुढे दमा वा स्थूलता यांपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. साडेसहाव्या वर्षी बुद्धिमापनात दिसलेली आघाडी सोळाव्या वर्षापर्यंत बहुतांशी ओसरली. अर्थात, येथे सर्वच मातांनी आरंभी स्तनपान दिले होते, ही या प्रयोगाची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरी अडचण तुलनेची. दीर्घकाळ स्तनपान देणाऱ्या माता अमेरिकेसारख्या देशात बहुधा अधिक शिकलेल्या व सुस्थितीतील असतात. तेव्हा मुलांतील फरक दुधाचा की परिस्थितीचा, हे सांगणे कठीण होते. म्हणून कोलेन व रेमी यांनी २०१४ साली तेथील अशा भावंडांची तुलना केली, की ज्यांपैकी एकास अंगावरचे दूध मिळाले होते व दुसऱ्यास नव्हते. वयाच्या ४ ते १४ वर्षांतील ११ बाबींपैकी बहुतेकींत त्यांच्यात लक्षणीय अंतर आढळले नाही.

याचा अर्थ वरचे दूध सर्वत्र सारखेच निर्धोक, असा नव्हे. दूषित पाणी, अस्वच्छ बाटली आणि पूड पुरवून वापरण्यासाठी पातळ केलेले दूध यांनी गरीब वस्त्यांतील अर्भके दगावतात. दुधाची पूडही पूर्णतः जंतुरहित नसते. म्हणून ती उकळून किमान ७० अंश सेल्सियस राहिलेल्या पाण्यात कालवावी व दूध निववून पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता आणि भारताचा १९९२ चा कायदा यांनी अशा पदार्थांच्या जाहिरातीस आळा घातला, तोही याच अनुभवातून. तथापि, त्यांचा रोख विक्रेत्यांवर आहे, मातेवर नाही. आवश्यक तेथे पर्यायी दुधाचा योग्य वापर व्हावा, हाही त्या संहितेचा एक हेतू होय.

सारांश, मातेने स्वतःस विचारावयाचे प्रश्न व्यावहारिक आहेत: पाणी शुद्ध आहे काय? प्रमाण अचूक आहे काय? हा खर्च महिनोन्महिने झेपेल काय? बाळाचे वजन योग्य गतीने वाढत आहे काय? यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर उरलेली टोचणी पुराव्याने नव्हे, लोकापवादाच्या भयाने पोसलेली असते. ती बाजूस सारणे म्हणजे आत्मवंचना नव्हे. तो विवेकच होय.