टाकीतला ऊस

रत्नागिरीत जुन्या फियाटचं दुखणं बहुधा भाद्रपदात उघडं पडतं. पावसाळाभर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. गणपतीच्या तोंडावर चाकरमानी यायच्या आत ती बाहेर काढावी, तर स्टार्टर फिरतो, इंजिन दोनदा पेट घेतं आणि मिसिंग करत बंद पडतं. ‘कार्बोरेटरात कचरा आलाय’ हे निदान ठरलेलंच. पद्मिनीचं, म्हणजे याच फियाटचं, वेड मला शाळेपासूनचं. तिच्या इंधनाच्या वाटेचा छडा लावायला निघालो कार्बोरेटरपासून आणि पोचलो थेट घाटावरच्या साखर कारखान्यांपाशी.

नेहमीचे रोग आधी उरकून घेऊ. साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडी मरते आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने चालू होते, तो व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला, त्यामुळे तो तापतो आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाकायचा ड्रायव्हर लोकांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे. आयडलिंग झकास, पण चढाला झटके, तर फिल्टर किंवा टाकीतला गंज पाहावा. टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं. या एवढ्याशा भोकापायी अख्खे कार्बोरेटर खोलले गेले आहेत. पंपावर संशय असेल तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडावी आणि स्टार्टर मारावा. ठोक्याठोक्याला पिचकारी आली तर पंपाचा डायफ्राम शाबूत आहे.

हे सगळं जुनंच. नवं आहे ते पेट्रोल. देशभर १० टक्के इथेनॉलचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत तेच सर्रास झालं. उसापासून होणारं हे इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, पाणी ओढून घेतं, आणि कोकणच्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा? १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी मुरेपर्यंत काही दिसत नाही. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल जोडीने वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपाची नळी पेट्रोल उचलते तीही तळातूनच. घरी पाहायचं असेल तर १०० मिलिलिटरच्या मापाच्या नळीत ९० मिलिलिटर इ-२० (म्हणजे २० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवावं. थोड्या वेळाने खालचा थर १० वर थांबलेला नसतो, २५ च्या वर चढलेला असतो. ज्यादा भरलं ते इथेनॉल.

ही काही आजची टूम नव्हे. १९४८ साली ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा झाला होता, पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासाठीच. फियाट ११०० भारतात आली ती त्यानंतर, १९५४ मध्ये. म्हणजे कायदा गाडीपेक्षा वयाने मोठा, तरी तिच्या रबरी नळ्या आणि डायफ्राम मद्यार्काच्या हिशेबाने घडवलेले नव्हते. गंमत अशी की हा कायदा २००० साली मोडीत निघाला, आणि २००१ मध्ये सरकारने पाच टक्के इथेनॉलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू केले ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात. त्यातलं मिरज म्हणजे आमच्या घाटापलीकडचंच. २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्यांत पाच टक्के सक्तीचे झाले.

शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा आणि परकी तेल कमी लागावं, याबद्दल माझी तक्रार नाही. राग आहे तो पर्याय न ठेवण्याचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज होता, आणि तोही मुळात बिनइथेनॉलच्या, पण १० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांसाठी. इ-२० विरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. इकडे ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी द्यायला २०२१ चे नियम २०,००० रुपये घेतात, पण पंपावर तिच्यासाठी वेगळी नळी नाही.

आता थोडं जेटविषयी. सोलेक्स कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. तार घालून जेट साफ करणं हे महापाप, कारण छिद्र वाढतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. पण शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला फक्त नऊ पट. जुन्या जेटवर इ-२० घातलं की मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. म्हणजे वर्षानुवर्षं तार घालत आलेल्या मिस्त्रींनी नकळत इ-२० ची तयारी करून ठेवली म्हणायची! अर्थात तारेने नव्हे, एक नंबर मोठा जेट मागवून आणि स्पार्क प्लगचा रंग पाहून हे करावं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. नव्या पेट्रोलने टाकीतला जुना चिकट थर सुटतो, म्हणून पहिले काही महिने फिल्टर हाताशी असू द्यावेत.

पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावी की भरावी, यावर गॅरेजात वाद रंगतो. मी भरण्याच्या बाजूचा. रिकाम्या पत्र्याला दमट हवा गंजवतेच, आणि काठोकाठ टाकीत हवेला जागा कमी. कार्बोरेटर मात्र कोरडा हवा. पंपाकडून येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करावं आणि इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवावं. एवढं करायला मे महिन्याची एक सकाळ पुरते.