खानवेलचा तारपा कुणाच्या फायलीत?

सिल्वासाला आमदार नाही. मी इथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. विधिमंडळाचा धडा आला की एखादं पोर हमखास विचारायचं, “सर, आपला आमदार कोण?” मग मी फळ्यावर दोन चौकोन काढायचो. एक लोकसभेचा, त्यात दादरा-नगर हवेलीचा एकुलता एक खासदार. दुसरा राज्यसभेचा, तो रिकामा. विधानसभाच नाही तर राज्यसभेवर माणूस निवडून पाठवणार कोण? आमचं अंदाजपत्रक गृहमंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांबरोबर जातं आणि दिल्लीतच मंजूर होतं.

पूर्वी असं नव्हतं. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. तिथपासून १९६१ पर्यंत इथला कारभार वरिष्ठ पंचायत बघायची. मग आम्ही भारतात विलीन झालो आणि २६ जानेवारी २०२० ला दमण-दीवशी जोडले गेलो. जाता जाता एक सांगतो. त्या मुक्तीच्या मोहिमेसाठी पैसा उभा करायला सुधीर फडक्यांनी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवला होता. सरकारने कलेवर पैसा का खर्चावा, असं कुणी विचारलं की मी ही गोष्ट काढतो. आमच्या गावासाठी कलेनेच पदरचा पैसा घातला होता.

असो. आता आमच्या वाट्याच्या पैशाचा जाब विचारतं कोण? लोकसभेत तो विचारला जाईल अशी फार आशा धरू नये. दरवर्षी मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि वेळ संपला की उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकतात. संसदेतच त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात! खरी झाडाझडती होते ती बंद दाराआड, मंत्रालयवार नेमलेल्या स्थायी समित्यांमध्ये. लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, १९९३ साली, अशा १७ समित्या सुरू झाल्या. आज २४ आहेत. प्रत्येकीत २१ जण लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. अर्थसंकल्प मांडला की सभागृहं काही आठवडे थांबतात आणि या समित्या कामाला लागतात.

समितीच्या अध्यक्षाला एक रुपया वाढवता येत नाही की कापता येत नाही. त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. हाती असतो फक्त प्रश्न. आधी समितीच्या सचिवालयाकडून प्रश्नावली जाते, मंत्रालयाची लेखी उत्तरं येतात, मग सचिव आपल्या अधिकाऱ्यांना घेऊन साक्षीला बसतात. अध्यक्षाची परीक्षा इथे असते. ३१ सदस्यांना आपापल्या मतदारसंघाचं बोलायचं असतं, सचिवांना शक्य तितकं कमी बोलायचं असतं. ‘ही माहिती लेखी कळवतो’ असं त्यांनी म्हटलं की ती कधी कळवणार, हे तिथल्या तिथे विचारणारा अध्यक्ष आणि मान हलवून पुढच्या मुद्द्याकडे वळणारा अध्यक्ष, यांच्या अहवालांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक उदाहरण देतो. २०१३ मध्ये नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी लिहिलं, की केंद्र सरकारने संरक्षित केलेली ९२ स्मारकं जागेवर सापडत नाहीत. स्मारक म्हणजे काय खिशातून पडलेली चावी आहे? परिवहन, पर्यटन आणि संस्कृती समितीने हा धागा सोडला नाही. व्ही. विजयसाय रेड्डी अध्यक्ष असताना डिसेंबर २०२२ मध्ये अहवाल आला आणि हिशेब उघड्यावर पडला. ४२ सापडली होती, ५० नव्हती. त्यांतली १४ शहरांच्या वाढीने गिळली, १२ धरणं-जलाशयांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा पत्ताच नाही. देशभरच्या ३,६९३ स्मारकांपैकी पहारेकरी फक्त २४८ ठिकाणी आहेत, हेही त्याच अहवालात आलं. यातलं काहीच कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं. कुणीतरी नेटाने विचारायचंच बाकी होतं.

याच समितीने, याच अध्यक्षांच्या काळात, जुलै २०२३ मध्ये अकादम्यांवर अहवाल दिला. पुरस्कार घेणाऱ्याने तो पुढे परत करणार नाही असं आधीच लिहून द्यावं, अशी शिफारस त्यात आहे. २०१५ च्या पुरस्कारवापसीचा राग त्यामागे होता. मला ती शिफारस अजिबात पटली नाही. समितीने अकादमीचा खर्च तपासावा, लेखकाचं मन नव्हे.

आता आमच्या दादरा-नगर हवेलीतल्या खानवेलकडे या. वाळलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं, एवढ्यावर तारपा हे वाद्य उभं राहतं. वाजवणारा मधे, नाचणारे भोवती. वारली चित्रातलं ते वर्तुळ तुम्ही नक्की पाहिलं असेल. हा तारपा दिल्लीत किती समित्यांत विभागला जातो, ते बघा.

तारपा पथकांना बाहेर कार्यक्रम देणाऱ्यांत उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र येतं. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थानबरोबर आमचा प्रदेशही त्याच्या कक्षेत आहे. ते संस्कृती मंत्रालयाखाली, म्हणून वरच्याच समितीकडे. या मंत्रालयाची २०२४-२५ ची तरतूद होती सुमारे ३,२६० कोटी रुपये. केंद्राच्या शंभर रुपयांतले जेमतेम सात पैसे. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. उरलेल्यात अकादम्या, संग्रहालयं, ग्रंथालयं, क्षेत्रीय केंद्रं आणि त्यांच्याही शेवटी कुठेतरी आमचा तारपावाला.

तोच तारपा आकाशवाणीवर वाजला की मामला दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये शशी थरूर यांच्या जागी बुलढाण्याचे प्रतापराव जाधव तिचे अध्यक्ष झाले. पुढच्याच जानेवारीत प्रसारभारतीसाठी २,५३९.६१ कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर झाली. दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांत आठ लाखांवर डीडी फ्री डिशचे संच वाटायचं तिच्यात ठरलं. मी समितीचा अध्यक्ष असतो तर देशाचा आकडा ऐकून घेतलाच नसता. दुधनी, मांदोणी, सिंदोणी अशी गावांची नावं घेऊन विचारलं असतं.

चित्राची गोष्ट आणखी निराळी. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र कागदावर आणि जगभर नेलं, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. हा विषय वाणिज्य मंत्रालयाचा. राज्यसभेच्या वाणिज्य समितीने जुलै २०२१ मध्ये बौद्धिक संपदेच्या सगळ्या व्यवस्थेवर अहवाल दिला. पण पडद्याच्या कापडावर यंत्राने छापलेल्या वारली बाहुल्या बाजारात आल्या, तर ते कापड जातं वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, म्हणजे श्रम व वस्त्रोद्योग समितीपुढे. आणि खानवेलच्या रस्त्याचा, शाळेचा पैसा गृह समितीपुढे. तारपावाला, त्याचा आकाशवाणीवरचा सूर, त्याचं चित्र, त्या चित्राचं कापड आणि त्याचं गाव, पाच जण पाच दालनांत. पाचही अध्यक्षांनी एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा, अशी सोय कुठेच नाही.

त्यात समितीची मुदत एक वर्षाची. अध्यक्षाला खातं समजू लागावं आणि फेररचना व्हावी. शिफारशींवर काय केलं ते सरकारने तीन महिन्यांत कळवायचं असतं. समिती त्यावर कृती अहवाल काढते. त्यात ‘अंतरिम स्वरूपाची उत्तरं’ असं एक प्रकरण असतं. आधी तेच वाचावं, असं मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगतो. ‘विचाराधीन आहे’ ही उत्तरं तिथे सापडतात. नव्या अध्यक्षाने ती उकरून काढली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा नवी प्रश्नावली.

समितीचं दार आमच्या खासदारांनीही ठोठावलं होतं. सात वेळा निवडून आलेले मोहन डेलकर स्थानिक प्रशासनाबद्दलची तक्रार घेऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसभेच्या विशेषाधिकार समितीपुढे गेले. त्याच महिन्यात मुंबईत त्यांचं निधन झालं. विधानसभा नसलेल्या प्रदेशात समिती म्हणजे काय, हे आमच्याकडे तेव्हापासून कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एखादा विषय तपासायला घेतला की या समित्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतात. ती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यायची असतात. खानवेलच्या पोरांना वारली येते, गुजराती येते, बऱ्याच जणांना मराठी येते. म्हणून सध्या आम्ही संध्याकाळी बसून एक निवेदन हिंदीत उतरवतो आहोत. त्यात तीन प्रश्न आहेत. क्षेत्रीय केंद्राच्या कार्यक्रमाचं मानधन कलाकाराच्या खात्यात किती दिवसांनी जमा होतं? आमच्या प्रदेशात फ्री डिशचे किती संच वाटले, गाववार? आणि वारली मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून दादरा-नगर हवेलीतल्या किती चित्रकारांची नोंद आहे? तिसऱ्याच्या खाली एका पोराने आपल्या मनाने एक ओळ वाढवली आहे: उत्तर लेखी कळवणार असाल तर तारीख सांगा.