काटा लहान, धोका मोठा

नामपूर परिसरात डाळिंबाची छाटणी करताना हाताला काटा टोचणे, कांद्याची पात कापताना विळा बोटाला लागणे हे रोजचेच. वर हळद, चुना किंवा तंबाखू दाबायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचे, ही पद्धतही जुनीच. नेमकी तीच घातक ठरू शकते.

धनुर्वाताचे जिवाणू मातीत आणि शेणखतात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांची वाढ प्राणवायू नसलेल्या जागी होते. त्यामुळे भळभळ वाहणाऱ्या उघड्या जखमेपेक्षा काट्याने झालेले, रक्त न येणारे खोल छिद्र अधिक फसवे असते. दोष लोखंडाच्या गंजाचा नसतो, त्याला लागलेल्या मातीचा असतो.

जखम झाल्यावर आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग दाबून धरावे. मधेच उघडून पाहू नये. मग वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम नीट धुवावी, आजूबाजूची त्वचा साबणाने साफ करावी. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नये. त्याने नव्या पेशींना इजा होते. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी.

जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, काटा आत राहिला असेल, बोट बधिर झाले असेल किंवा हलत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नंतर सूज, पू किंवा ताप आल्यासही थांबू नये. मधुमेहींनी पायाची लहान जखमही दाखवावी. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवून लगेच रेबीजची लस घ्यावी.

धनुर्वाताची लक्षणे साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. बहुधा आधी जबडा आखडतो, तोवर जखम भरूनही आलेली असते. हा आजार एकदा होऊन गेला तरी पुढे संरक्षण मिळत नाही. ते लसच देते. बायकांना गरोदरपणात ही लस मिळते. पुरुषांना मात्र १६व्या वर्षाच्या डोसनंतर आठवण करून देणारे कोणी नसते. लसीकरण पूर्ण झालेल्यांनी दर १० वर्षांनी टीडी लसीचा डोस घ्यावा. जखमेत माती गेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर लगेच घ्यावा. आधी लस घेतल्याचे आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.