विमानांतील बिनतारी संवेदकजाल आणि व्यत्ययनिवारणाचा प्रश्न

आधुनिक प्रवासी विमान हे जसे एक उड्डाणयंत्र आहे, तसेच ते तारांचे एक अवाढव्य जाळेही आहे. एअरबस ए-३८० या विमानातील विद्युत् तारांची एकूण लांबी सुमारे ५०० किलोमीटर भरते. दरवाजा नीट बंद झाला आहे किंवा नाही, चाकांतील हवेचा दाब किती आहे, मालकक्षात धूर आहे काय, इंजिनाचा कोणता भाग किती कंप पावत आहे, ही सर्व वार्ता संवेदकांकडून नियंत्रणयंत्रणेकडे या तारांवाटेच जाते. तारांचे वजन मोठे, त्या ओवण्याचे काम किचकट, आणि कालांतराने त्यांची आवरणे झिजली तर दोष शोधणे त्याहून किचकट. म्हणून यांपैकी काही तारांच्या जागी बिनतारी संवेदक बसवावेत, हा विचार पुढे आला.

तथापि, तार ही केवळ संदेशाची वाट नसते. ती संदेशाचे कुंपणही असते. तार काढून टाकली की संदेश मोकळ्या अवकाशात येतो, आणि तेथे तो एकटा नसतो. येथूनच व्यत्ययाचा प्रश्न उद्भवतो. पदार्थविज्ञानात दोन तरंगांच्या परस्परमीलनाला ‘व्यतिकरण’ म्हणतात. प्रस्तुत प्रश्न त्याहून वेगळा आहे. एका यंत्रासाठी जो अर्थपूर्ण संदेश, तोच दुसऱ्या यंत्राच्या ग्रहणात गोंगाट ठरतो. या अर्थी ‘व्यत्यय’ हा शब्द येथे अधिक अन्वर्थक होय.

पहिला प्रश्न असा, की या संवेदकांनी कोणत्या कंप्रतेवर बोलावे? २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सर्वांना खुला आहे. परंतु प्रवाशांची वाय-फाय व ब्लूटूथ उपकरणे त्याच पट्ट्यात वावरतात, आणि तेथे कोणालाही संरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. विमानाच्या सुरक्षिततेशी निगडित असलेली वार्ता अशा बाजारात सोडणे इष्ट नव्हे. म्हणून जिनीव्हा येथे नोव्हेंबर २०१५ मध्ये भरलेल्या जागतिक रेडिओसंदेशवहन परिषदेने एकाच विमानातील अशा अंतर्गत संदेशवहनासाठी ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा उपलब्ध करून दिला. मात्र या घराचा एक जुना रहिवासी आहे. तो म्हणजे रेडिओ उंचीमापक. त्याला व्यत्यय आणू नये, आणि त्याच्यापासून संरक्षणही मागू नये, अशी दुहेरी अट नव्या रहिवाशावर घालण्यात आली.

ही अट इतकी कडक का, हे उंचीमापकाच्या कार्यपद्धतीवरून कळते. हे यंत्र कंप्रता सतत बदलत असलेला तरंग जमिनीकडे सोडते व त्याचा प्रतिध्वनी ऐकते. विमान ३०० मीटर उंचीवर असेल, तर तरंगाला जाऊन येण्यास सुमारे २ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या काळात सोडलेल्या तरंगाची कंप्रता पुढे सरकलेली असते. सोडलेला तरंग व परतलेला तरंग यांच्या कंप्रतांतील फरकावरून उंची काढली जाते. परतणारा प्रतिध्वनी अत्यंत क्षीण असल्याने परका संदेश त्यात मिसळणे धोक्याचे असते.

धोका कोणत्या जातीचा, हे २५ फेब्रुवारी २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ दिसून आले. टर्किश एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० विमान उतरत असता त्याच्या डाव्या उंचीमापकाने उणे ८ फूट अशी नोंद दिली. ही नोंद ग्राह्य समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांची शक्ती कमी केली. वेग घटत असल्याचे वैमानिकांच्या वेळीच ध्यानात आले नाही, आणि विमान कोसळून ९ जण मृत्यू पावले. तेथील दोष बिनतारी व्यत्ययामुळे उद्भवला असे सिद्ध झालेले नाही; परंतु चुकीच्या उंचीचा परिणाम काय होऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे. यंत्र निरुत्तर झाले असते, तर ते मौन ओळखता आले असते. चुकीचे उत्तर मात्र उत्तरासारखेच दिसते.

व्यत्यय कमी करण्याचे उपाय मुख्यतः चार दिशांनी योजले जातात. पहिला शक्तीचा. संवेदकापासून ग्राहकापर्यंतचे अंतर थोडे असल्याने प्रक्षेपणशक्ती काही मिलिवॅट ते काही दशक मिलिवॅट एवढीच ठेवता येते. दुसरा स्थानाचा. उंचीमापकाचे आकाशक विमानाच्या पोटाखाली असतात. म्हणून संवेदक शक्यतो धातूच्या कवचाच्या आत ठेवणे व बाहेरच्या संवेदकांची दिशा काळजीपूर्वक निवडणे हितावह ठरते. तिसरा काळाचा. समजा, उंचीमापकाची कंप्रता १५० मेगाहर्ट्झच्या विस्तारात फिरत आहे आणि संवेदकाची वाहिनी २ मेगाहर्ट्झ रुंद आहे. मग त्या फेरीच्या पंचाहत्तराव्या भागातच दोघांची गाठ पडते. तेवढा क्षण संवेदकाने मौन पाळले, तर संघर्ष बव्हंशी टळतो. चौथा संकेतरचनेचा. भाषेत जशी पुनरुक्ती अर्थ राखून ठेवते, वाक्यातील एखादा शब्द ऐकू आला नाही तरी क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळतो, तशी संदेशात जादा अंकांची भर घालून चूक ओळखता येते व पुष्कळदा दुरुस्तही करता येते.

येथे एक मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे. काळाचा उपाय स्वतःच्या विमानापुरता चालतो. धावपट्टीनजीक उभ्या असलेल्या विमानांतील संवेदकांना वरून उतरणाऱ्या परक्या विमानाच्या उंचीमापकाचे वेळापत्रक ठाऊक नसते. तेथे शक्तीची मर्यादा व कवचाचा आडोसा हेच खरे आधार होत.

शिवाय, पट्टा वेगळा असला म्हणजे निर्धास्त राहता येते असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ३.७ गिगाहर्ट्झच्या वरील पट्ट्यात पाचव्या पिढीची दूरध्वनिसेवा सुरू होताना, काही उंचीमापकांचे ग्राहक शेजारच्या पट्ट्यातील प्रबळ संदेश पुरेसे गाळू शकणार नाहीत, अशी शंका उपस्थित झाली. परिणामी एअर इंडियाला मुंबई–नेवार्कसह अमेरिकेकडील काही उड्डाणे रद्द करावी लागली. म्हणजे, व्यत्यय हा जितका बोलणाऱ्याचा, तितकाच ऐकणाऱ्याच्या कानाचाही प्रश्न आहे.

सारांश, व्यत्ययाचा समूळ नाश हे येथील साध्य नव्हे. मोकळ्या अवकाशात ते शक्यही नाही. संवेदकाचा संदेश बुडाला तर तो पुन्हा पाठवता येतो; उतरत्या विमानाला उंची पुन्हा विचारण्यास सवड नसते. म्हणून बुडावयाचेच असेल तर संवेदकाच्या संदेशाने बुडावे, आणि ज्या यंत्राला खात्री नाही त्याने अंक न देता मौन स्वीकारावे, अशी रचना करणे हेच या शाखेतील संशोधनाचे खरे प्रयोजन होय.