दूधदुभत्याची माया बजी पक्ष्याला सोसेल का?

बेळगाव-निपाणीचा सीमाभाग हा दूधदुभत्याचा मुलूख. निपाणीला लागूनच कोल्हापूरचा दुग्धपट्टा आहे, बेळगावची ओळख कुंद्याशी जोडली गेली आहे आणि गोव्यात लागणाऱ्या दुधाचा मोठा भागही शेजारच्या राज्यांतून येतो. अशा प्रदेशात पाहुण्याला, बाळंतिणीला, आजाऱ्याला दूध द्यावे, ही रीत घरोघरी अंगवळणी पडलेली आहे. हीच रीत अनेकदा व्हरांड्यात टांगलेल्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचते. दहीभाताची चार शिते, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा तुकडा, सणाच्या दिवशी कुंद्याचा कण पिंजऱ्यातील पक्ष्यासमोर ठेवला जातो. देणाऱ्याच्या मनात माया असते. परंतु जेमतेम ३० ते ४० ग्रॅम वजनाच्या त्या जिवाला ती माया सोसते का, हा विचार सहसा होत नाही.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की बजी पक्ष्याला दुग्धजन्य पदार्थांची कोणतीही गरज नसते. दूध हे त्याच्यासाठी जहाल विष नव्हे. मात्र ते त्याचे अन्नही नव्हे. नियमितपणे किंवा जास्त प्रमाणात दिल्यास त्याचा अपाय होतो.

'लव्हबर्ड' नव्हे, बजी

आपल्याकडील बाजारांत हिरवे, पिवळे, निळे जे छोटे पक्षी 'लव्हबर्ड' म्हणून विकले जातात, त्यांतील बहुतेक बजेरिगर अर्थात बजी असतात. खरे लव्हबर्ड हे मूळचे आफ्रिका खंड व मादागास्करचे; बजी मात्र ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातील. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तेथून हा पक्षी जगभरच्या घरांत पोहोचला. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. परदेशी मूळ असलेल्या बजीला ती लागू नाही. त्यामुळेही हा पक्षी घरोघरी दिसतो.

मूळ प्रदेशात बजीचा आहार म्हणजे प्रामुख्याने गवताचे बारीक बी. हजारो वर्षे अशा अन्नावर जगलेल्या पक्ष्याच्या पचनसंस्थेला दुधाची ओळख असण्याचे कारणच नव्हते.

दूध पचत का नाही?

दुधात लॅक्टोज नावाची दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधात तिचे प्रमाण सुमारे पावणेपाच टक्के असते. ही शर्करा पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांमध्ये ते भरपूर असते, कारण आईचे दूध हाच त्यांचा पहिला आहार. पक्षी पिल्लांना स्तनपान करीत नाहीत. साहजिकच त्यांच्यात हे विकर नसल्यातच जमा असते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, जिवाणूंमुळे आंबते आणि पक्ष्याला पातळ विष्ठा होऊ लागते.

येथे वजनाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. लहान चमच्यात साधारण ५ मिलिलिटर दूध मावते. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे केवळ १ मिलिलिटर दूध ३५ ग्रॅमच्या बजीच्या पोटात गेले, तर वजनाच्या प्रमाणात ते ६० किलोच्या माणसाने सुमारे १ लिटर ७०० मिलिलिटर दूध पिण्यासारखे होते. 'थोडेसेच तर दिले' हे माणसाचे माप पक्ष्याला लागू पडत नाही. एवढ्या लहान शरीरातील पाणी जुलाबाने झपाट्याने कमी होते आणि काही तासांत पक्षी गळून जाऊ शकतो.

पदार्थागणिक धोका वेगळा

सर्व दुग्धजन्य पदार्थ सारखे नसतात. दही आणि ताक यांमध्ये विरजणातील जिवाणूंमुळे लॅक्टोज काही अंशी कमी होते, पण संपत नाही. शिवाय दहीभातात मीठ असते, फोडणी असते. पनीर करताना बरेचसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते. तरी स्निग्धांश मागे राहतो. मुरवलेल्या चीजमध्ये लॅक्टोज अत्यल्प असते, मात्र मीठ आणि चरबी भरपूर. लोणी व तूप यांत लॅक्टोज जवळजवळ नसते. परंतु ते निव्वळ स्निग्ध पदार्थ आहेत. पिंजऱ्यात फारसे उडायला न मिळणाऱ्या बजीच्या यकृतात चरबी साठण्याचा विकार सहज जडतो.

कुंदा, पेढा, बासुंदी, श्रीखंड हे पदार्थ तर कटाक्षाने टाळावेत. दूध आटवताना पाणी उडते, लॅक्टोज उडत नाही. ते उलट अधिक दाट होते. त्यात साखरेची भर पडते. चहात बुडवलेल्या बिस्किटातून दूध व साखरेबरोबर चहातील कॅफीनही पोटात जाते आणि ते पक्ष्यांच्या हृदयाला घातक असते.

पक्षी दूध पितात, हा समज

हंस पाणी बाजूला सारून दूध तेवढे पितो, ही कल्पना आपल्या साहित्यात रुजलेली आहे. नीरक्षीरविवेक हा शब्द त्यातूनच आला. मात्र तो रूपक म्हणून घ्यायचा असतो. इंग्लंडमध्ये १९२१ पासून ब्लू टिटसारखे चिमुकले पक्षी दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडत असल्याच्या नोंदी आहेत. हे पक्षी वर जमलेली साय खात असत. सायीत स्निग्धांश अधिक व लॅक्टोज कमी असते आणि थंडीत दिवसभर उडणाऱ्या रानपक्ष्याला ती चरबी उपयोगी पडते. पिंजऱ्यातील बजीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. कबुतरे पिल्लांना जे 'दूध' भरवतात, ते गळ्याजवळील अन्नाच्या पिशवीत तयार होते. त्यात प्रथिने व स्निग्धांश असतात, लॅक्टोज नसते.

सर्वांत मोठी चूक आजारपणात

पक्षी मलूल दिसला, की 'ताकद यावी' म्हणून ड्रॉपरने दूध पाजले जाते. घरट्यातून पडलेल्या पिल्लालाही गाईचे दूध किंवा बाळाची दूध पावडर दिली जाते. हा उपाय दुहेरी धोक्याचा आहे. एक तर आधीच अशक्त झालेल्या पक्ष्याला जुलाब सुरू होतात. दुसरे म्हणजे, पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. घाईने सोडलेला थेंब थेट फुप्फुसाकडे जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. आजारी पक्ष्याला आधी ऊब, शांतता आणि स्वच्छ पाणी लागते. पिल्लांसाठी पक्ष्यांचा खास तयार आहार मिळतो. तो पशुवैद्यकाला विचारूनच द्यावा.

मग कॅल्शियम कोठून?

दूध देण्यामागे कॅल्शियमची काळजी असेल, तर ती रास्त आहे. केवळ बियांवर वाढलेल्या बजीला कॅल्शियम व 'अ' जीवनसत्त्व कमी पडते. कॅल्शियमच्या अभावी मादीच्या पोटात अंडे अडकून तिचा जीव जाऊ शकतो. परंतु त्यावरील उपाय दूध नव्हे. माकूल माशाच्या पाठीतील पांढरे, ठिसूळ कवच, म्हणजेच आयुर्वेदातील समुद्रफेन, पिंजऱ्याला अडकवून ठेवावे. पक्षी गरजेप्रमाणे ते कुरतडतो. उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा आणि उकळून, वाळवून बारीक केलेले अंड्याचे कवच अधूनमधून देता येते. शेवग्याचा पाला व कोथिंबीर स्वच्छ धुऊन द्यावी. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम शोषू देत नाही, म्हणून तो बेताने द्यावा.

धान्याची तर सीमाभागात उणीव नाही. कन्नडमध्ये ज्याला 'नवणे' म्हणतात ते राळे, तसेच बाजरी आणि वरी ही बजीच्या मूळ आहाराला जवळची धान्ये आहेत. राळ्याचे अख्खे कणीस टांगले, तर खाण्याबरोबर पक्ष्याचा विरंगुळाही होतो. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी कोवळे ऊनही हवे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पुरत नाही, कारण आवश्यक ती किरणे काच अडवते. पिंजरा उन्हात ठेवताना त्याच्या एका भागावर सावली असावी.

चुकून खाल्ले तर?

पक्ष्याने दह्याला किंवा पनीरला एखादी चोच मारली, तर घाबरण्याचे कारण नाही. तो पदार्थ काढून घ्यावा, पाणी बदलावे आणि पुढील दिवसभर विष्ठेवर लक्ष ठेवावे. निरोगी बजीच्या विष्ठेत हिरवट वा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असे तीन घटक वेगळे दिसतात. ती सतत पातळ होणे, शेपटीखालील पिसे चिकटणे, अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी वर-खाली होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. पक्षी आपला आजार शेवटपर्यंत लपवतात. त्यामुळे यांपैकी एक चिन्ह दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

घरातील मुलांना आणि वडीलधाऱ्यांनाही हे एकदा समजावून सांगितले, तर बरेच काही साधते. पक्ष्याला खाऊ देण्याची त्यांची हौस मोडण्याची गरज नाही. दुधाच्या वाटीऐवजी त्यांच्या हाती राळ्याचे कणीस द्यावे.