‘सुमारे’ म्हणजे दहा टक्के

मुंबई बंदरातून कापूस घेऊन दोन जहाजं इंग्लंडला निघाली. दोन्हींचं नाव एकच, ‘पिअरलेस’. एक ऑक्टोबरात सुटलं, दुसरं डिसेंबरात. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला होता आणि सुरती कापसाचे भाव सारखे वरखाली होत होते. अशा बाजारात रॅफल्स नावाच्या व्यापाऱ्याने विचेलहाउस या खरेदीदाराशी १२५ गाठींचा सौदा केला. कापूस धोलेऱ्याचा, प्रत मध्यम, दर पौंडाला सव्वासतरा पेन्स, माल येणार मुंबईहून ‘पिअरलेस’ जहाजाने. सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. खरेदीदाराच्या मनात ऑक्टोबरचं जहाज होतं, विकणाऱ्याच्या मनात डिसेंबरचं. डिसेंबरच्या जहाजातला माल पोचला तेव्हा खरेदीदाराने तो उचलला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८६४ मध्ये निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. करारकायदा शिकणारी मुलं आजही हा खटला वाचतात.

आंतरराष्ट्रीय व्यापार आणि नौवहन शिकणाऱ्या मुलांना मी व्यवसायाचं इंग्रजी शिकवते. माझा पहिला तास या दोन जहाजांचा असतो. त्या सौद्याच्या कागदात व्याकरणाची चूक नव्हती, स्पेलिंगची नव्हती. फक्त एका महिन्याचं नाव लिहायचं राहिलं होतं.

मुलं येतात उरण, पनवेल, अलिबाग, रत्नागिरीकडून. बरीचशी मराठी माध्यमातली. त्यांची पहिली भीती उच्चारांची असते: आपलं इंग्रजी गावठी वाटेल, फोनवर समोरचा हसेल. मी त्यांना एका कंटेनरचा प्रवास फळ्यावर मांडून दाखवते. द्राक्षं नाशिकची, बंदर न्हावा शेवा, जहाज कंपनी डेन्मार्कची, कप्तान युक्रेनचा, खलाशी फिलिपिन्सचे, खरेदीदार आणि त्याची बँक नेदरलँड्सची. हे सगळे एकमेकांना इंग्रजीत लिहितात आणि यातल्या जवळजवळ कुणाचीच ती मातृभाषा नसते. इथे ऐटबाज इंग्रजीला भाव नाही. शब्द नेमका असला की काम होतं आणि नेमकेपणा शिकता येतो. तो कुणाच्या घरी वारशाने येत नाही.

या धंद्यात साध्या शब्दांना मापं असतात, हे शब्दकोश सांगत नाही. एलसीचंच घ्या. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने विकणाऱ्याला दिलेली हमी: ठरलेली कागदपत्रं दे, पैसे घे. बँक माल बघत नाही, कागद बघते. जगभरच्या बँका यासाठी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे नियम पाळतात. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या त्या नियमावलीला यूसीपी ६०० म्हणतात. तिच्यात ‘अबाउट’ या शब्दाचं माप ठरलेलं आहे. रकमेच्या, वजनाच्या किंवा दराच्या आधी ‘अबाउट’ लिहिलं असेल तर दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त चालतं. म्हणजे ‘सुमारे शंभर टन’ लिहिलं तर ९० पासून ११० टनांपर्यंत मोकळीक. तारखेआधी ‘ऑन ऑर अबाउट’ आलं तर आधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. महिन्याची ‘बिगिनिंग’ म्हणजे १ ते १०, ‘मिडल’ म्हणजे ११ ते २०, ‘एंड’ म्हणजे २१ पासून अखेरपर्यंत. ‘फ्रॉम’ हा शब्द माल चढवण्याच्या मुदतीसाठी वापरला तर ती तारीख धरायची. हुंडीची मुदत मोजायला वापरला तर ती तारीख सोडायची. एकाच शब्दाची ही दोन मापं परीक्षेत हमखास चुकतात. कामावर चुकली तर पैसे अडकतात. आणि ‘इमिजिएटली’, ‘प्रॉम्प्ट’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’? नियम म्हणतो, कागदपत्रात वापरायची गरज नसेल तर हे शब्द नसल्यासारखेच समजा. आपल्या पत्रांतून आपण ज्या शब्दांवर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो, त्यांची किंमत इथे शून्य आहे.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल, या कागदावर मी दोन आठवडे घालवते. तो मालाची पावती असतो, वाहतूक कराराचा पुरावा असतो आणि मालावरच्या हक्काचा कागदही असतो. सहसा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात. एकीवर माल सुटला की बाकीच्या रद्द. भारतात त्यासाठी १८५६ चा कायदा होता, तो बदलून नवा कायदा २०२५ मध्ये आला, इतकं आयुष्य त्या जुन्या कायद्याला लाभलं. या कागदावरचा ‘क्लीन’ हा शब्द म्हणजे माल बाहेरून चांगल्या स्थितीत जहाजावर आला, कसलाही शेरा नाही. कप्तानाने ‘काही पोती फाटलेली’ एवढं लिहिलं की बीएल ‘क्लीन’ राहत नाही आणि बँक तो नाकारते. मग निर्यातदार कप्तानाच्या मागे लागतो, शेरा काढा म्हणून. चुकीचं आहे हे. फाटलेली पोती बदलावीत, शेरा पुसायला सांगू नये. कप्तानाने खरं लिहिणं यावरच हा सगळा व्यापार उभा आहे. कंटेनरच्या बीएलवर ‘सेड टू कंटेन’ असतं, म्हणजे आत काय आहे ते माल पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही उघडून पाहिलेलं नाही. तीन शब्दांत जहाज कंपनी स्वतःला केवढं सुरक्षित करते ते मुलांच्या लक्षात आलं, की पुढची कलमं ती आपणहून वाचायला लागतात.

आपल्या बाजारात सर्वात रुजलेला गैरसमज सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट) या सौद्याबद्दल आहे. विकणारा भाडं भरतो, विमा काढतो, म्हणून माल पोचेपर्यंत जोखीम त्याचीच, असं भलेभले समजतात. प्रत्यक्षात माल सुटण्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची होते. खर्च रॉटरडॅमपर्यंत, जोखीम न्हावा शेवापर्यंत. एफओबी, म्हणजे फ्री ऑन बोर्ड, याचीही अशीच गत. इन्कोटर्म्स, म्हणजे त्याच चेंबरने ठरवलेल्या सौद्याच्या संज्ञा, १९३६ पासून आहेत, २०२० च्या आवृत्तीत अकरा संज्ञा आहेत आणि त्यातली एफओबी ही जहाजावर थेट चढणाऱ्या मालासाठी आहे. कंटेनर आपण सीएफएसवर (कंटेनर फ्रेट स्टेशनवर) किंवा टर्मिनलवर सोडून येतो, तो जहाजावर चढतो नंतर. मधल्या काळात काही झालं तर एफओबीने विकणाऱ्याची जोखीम संपलेली नसते. तिथे एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम संपवणारी संज्ञा, वापरावी, हे चेंबरही सांगतं. तरी सवयीने एफओबीच लिहिलं जातं.

जहाज भाड्याने घेण्याच्या भाषेत ‘दिवस’ या शब्दाचेही प्रकार आहेत. साधा सलग दिवस वेगळा, कामाचा दिवस वेगळा आणि ‘वेदर वर्किंग डे’ आणखी वेगळा. पावसाळ्यात साखरेची पोती चढवताना सर आली की जहाजाची झाकणं लावावी लागतात. तो वेळ धरायचा की नाही, हे या शब्दावर ठरतं. ठरलेला वेळ संपला की डिमरेज सुरू, दिवसाला इतके डॉलर. कंटेनरच्या धंद्यात मात्र डिमरेज म्हणजे कंटेनर बंदरात जास्त दिवस पडून राहिल्याचं शुल्क, आणि बाहेर नेऊन वेळेत परत न केल्याचं ते डिटेन्शन. त्यामुळे ‘डिमरेज लागला’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं: जहाजाचा की डब्याचा?

‘सब्जेक्ट’ हाही असाच जपून वापरायचा शब्द. ‘सब्जेक्ट डिटेल्स’ म्हणजे मुख्य अटी जमल्या, बारकावे बाकी. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे तोवर करार बांधील होत नाही. अमेरिकेत मात्र मुख्य अटी जमल्या की करार झाला असंही कोर्टं धरतात. नवा मुलगा घाईने ‘फिक्स्ड’, म्हणजे सौदा पक्का, एवढंच लिहून मोकळा होतो आणि कंपनी अडकते.

ईमेलबद्दल माझं मत ठाम आहे. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्य आपण सोडून द्यावं. काय करायचं, कुणी, किती वाजेपर्यंत, न झाल्यास काय होईल, या चार गोष्टी लिहिल्या की पत्र झालं. जळगावची केळी साधारण १३ अंशांवर जातात. नुसतं १३ लिहून सेल्सिअस राहिलं आणि कुणी ते फॅरनहाइट धरलं तर केळी उणे दहाच्या खाली गोठतील. द्राक्षांच्या ‘उणे अर्धा’ अंशातली आडवी रेघ कुणी नुसती डॅश समजलं तरी घोटाळा. म्हणून ‘मायनस’ अक्षरी लिहायला मी सांगते. माल बिघडून पोचला तर पत्र त्याच दिवशी जायला हवं. नुकसान वरून दिसत नसेल तर समुद्री वाहतुकीच्या हेग नियमांप्रमाणे तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि दाव्याची मुदत एक वर्ष.

जहाजावरचं इंग्रजी याहून काटेकोर, कारण तिथे पैशाआधी जीव येतात. ७ एप्रिल १९९० रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीला आग लागून १५९ माणसं गेली. खलाशी आणि प्रवासी यांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, हेही त्या दुर्घटनेत नडलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाण वाक्प्रयोगांचा संच स्वीकारला. त्यात आकडे सुटे बोलायचे असतात, वन-फाइव्ह आणि फाइव्ह-झीरो, म्हणजे फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा गोंधळ होत नाही. ‘मे’, ‘शुड’, ‘कुड’ टाळायचे. ‘यू मे एंटर’ यात परवानगी आहे की शक्यता, हे रेडिओच्या खरखरीत कळणार कसं? म्हणून आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग आत यायची परवानगी आहे का, असं सरळ विचारायचं. उत्तर देणाऱ्याने आधी ‘आन्सर’ म्हणायचं. इथे मराठी मुलं छान तयार होतात, कारण इथे सगळ्यांनाच मोजकं बोलावं लागतं.

आपल्याकडे अशी भाषा नव्हती असं नाही. शिडाच्या जहाजांवर लस्करी नावाची मिश्र बोली चाले, हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी, फारसी, इंग्रजी मिळून झालेली. सारंग आणि तांडेल तीत हुकूम देत. टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात तिचा कोश छापला, कारण गोऱ्या अधिकाऱ्यांना ती शिकावी लागत होती. आणि हुंडी तर आपलीच. तिचे प्रकार दर्शनी, मुदती, शाहजोग. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. वाहतूक आणि विमा एकाच चिठ्ठीत. हुंडी हरवली तर दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही हरवली तर तिसरी, परपैठ. या शब्दांवरून बीएलकडे नेलं की मुलांना ते परकं वाटत नाही. पेठेतल्या व्यापाऱ्याचा नातू बँकेच्या नियमाला बिचकत नाही, कोळीवाड्यातली मुलगी रेडिओवर अडखळत नाही, हे मी वर्गात पाहते.

तुमच्या घरातलं कुणी हे शिक्षण घेत असेल तर कुठल्याही मोठ्या जहाज कंपनीच्या संकेतस्थळावरून बीएलच्या मागच्या बाजूच्या अटी उतरवून घ्या. रोज एक कलम वाचायला सांगा आणि संध्याकाळी ते मराठीत समजावून मागा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. समजलं नाही तर तसं सांगा, म्हणजे ते पुन्हा वाचेल.